काळ्या खिडकीतले नाना

नानांच्या टेबलावर माउस आहे, पण तो पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. वायर गुंडाळून रबरबँड लावलाय, आणि तो रबरबँडही आता सुकून तडकत आलाय. संगणकाशी नाना बोलतात ते फक्त टाइप करून. काळी खिडकी, हिरवी अक्षरं आणि डावीकडे लुकलुकणारा एक कर्सर, एवढ्यात त्यांचं सगळं भागतं. पडद्यावर रंगीत चित्र हललं की हा माणूस लगेच सावध होतो, भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर जास्त घातली की होतो तसा.

आमची बँक पुण्यातली, नागरी सहकारी. नाना इथे १९८८ साली लागले. बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. तो झिरपत झिरपत आमच्यापर्यंत यायला चार वर्षं लागली. तेव्हा शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र यायचं म्हणजे घोषणा आधी आणि यंत्र मागाहून. त्यावर झेनिक्स होतं, पुढे एससीओ युनिक्स आलं. त्या दिवसांत जे शिकलो ते आजही पुरतं, असं नानांचं म्हणणं आहे. आणि चीड येते ती याची की ते बरंचसं खरं आहे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं, आणि पुढच्या सोमवारी करारावर परत त्याच खुर्चीत. श्रीफळ डब्यात खोबऱ्याची वडी होऊन आलं.

दुसऱ्या मशिनला पहिल्यांदा जोडून घेताना एसएसएच एक प्रश्न विचारतं: समोरच्याचा ठसा हा असा आहे, पुढे जायचं का? झाडून सगळे लोक न वाचता ‘यस’ टाइप करतात. नाना ठसा वाचतात. त्रेचाळीस अक्षरांचा ठसा, त्यात कॅपिटल-स्मॉलची भेसळ, मधे आकडे. मग पलीकडच्या डेटा सेंटरला फोन लावून तो पडताळून घेतात.

“कॅपिटल क्यू, स्मॉल एक्स, सात, अधिक...”

“अधिक म्हणजे?”

“म्हणजे महिना! अरे, बेरजेचं चिन्ह. पुढे बोल.”

त्या पोरानं एकदा वैतागून “हो सर, जुळतंय” म्हटलं. नानांनी मुद्दाम तीन अक्षरं चुकीची वाचली. पोरगं म्हणालं, “हो सर, जुळतंय.” त्यानंतरचं भाषण मी इथे देत नाही. फिनलंडमधल्या एका विद्यापीठात कोणीतरी नेटवर्कला कान लावून पासवर्ड चोरले आणि त्या प्रकारानंतर टाटू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं, ही कथा त्या भाषणात येते, आणि ती सत्यनारायणासारखी असते. मधेच उठून चालत नाही. पोर्ट २२ का, तर २१ वर एफटीपी, २३ वर टेलनेट, मधली जागा रिकामी होती. मागितली, मिळाली. “एक मेल केली आणि काम झालं,” नाना म्हणतात. “आमच्या सोसायटीत पार्किंगचा पट्टा मारायला तीन मीटिंगा झाल्या.”

तर अशा माणसाच्या राज्यात गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवीन प्लॅटफॉर्म आला. यंत्रणेत काही वावगं घडलं तर आपोआप ओळखणारा. विकणारी कंपनी त्याला अनॉमली मॉनिटरिंग म्हणायची. आमच्या शिपायाला ते पहिल्या दिवशी अनामिका ऐकू आलं, आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजरसुद्धा “अनामिका काय म्हणतेय?” विचारायला लागले.

सादरीकरणाला आलेला मुलगा उत्साही होता. सिस्टीम स्वतः शिकते, सर. नेहमीचं काय ते शिकते, त्याभोवती एक पट्टा आखते, आकडा पट्ट्याबाहेर गेला की सांगते. पडद्यावर निळा पट्टा, त्यात वळवळणारी रेघ आणि एका जागी लाल ठिपका. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना म्हणाले, “हा पट्टा वॉल्टर श्यूहार्टनं १९२४ साली कागदावर काढून दिला होता. कारखान्यातल्या मालासाठी. सरासरीच्या वर तीन सिग्मा, खाली तीन सिग्मा. तुमचं नवीन काय?” मुलगा म्हणाला, आमचा पट्टा वेळेप्रमाणे हलतो, सोमवारी सकाळचा वेगळा, रविवारी रात्रीचा वेगळा. नानांनी हे मनातल्या मनात तोलून पाहिलं. “ठीक आहे. कमांड लाइन आहे का?”

“सर, डॅशबोर्ड आहे ना.”

“डॅशबोर्ड गाडीला असतो.”

मुलानं कुठेतरी फोन लावला. आहे म्हणाला, पण कोणी मागत नाही. नानांचा चेहरा असा उजळला, जणू मठ्ठा संपला म्हणता म्हणता आतून आणखी एक पातेलं आलं असावं.

टूल उतरवून घेतल्यावर त्यांनी आधी हेल्पचा मजकूर पासबुकाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापला. कर्र कर्र करत पंधरा मिनिटं. काउंटरवरच्या एका आजोबांना वाटलं आपलंच पासबुक आहे. एवढे व्यवहार आपण कधी केले, म्हणून ते घाबरले. छापलेला गठ्ठा नानांनी घरी नेला, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी बोटं मोडून लॉगिनची कमांड मारली.

आणि त्या कमांडनं ब्राउझर उघडला.

मी शेजारीच होतो. नाना काही बोलले नाहीत. भक्तिभावानं देवळात शिरावं आणि गाभाऱ्यात सेल्फी पॉइंट दिसावा, तसं ते बघत राहिले. खरं तर यात नवल नाही. हल्लीची बरीच टूलं ओळख पटवायचं काम ब्राउझरवर सोपवतात. ब्राउझर नसेल त्यांच्यासाठी एक आडवाटही असते: टूल एक छोटा कोड देतं, तो दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर पत्ता उघडून भरायचा. मी म्हटलं, “नाना, माझ्या फोनवर भरतो.” ते म्हणाले, “माझी ओळख तुझा फोन पटवणार?”

त्यांनी लिंक्स काढलं. लिंक्स म्हणजे अक्षरांतला ब्राउझर. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जन्मला, चित्र दाखवत नाही, फक्त मजकूर दाखवतो. नानांनी पत्ता टाइप केला, एंटर मारलं, आणि काळ्या खिडकीत एकच ओळ आली: कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा. लिंक्सला जावास्क्रिप्ट येत नाही. नानांनी ती ओळ दोनदा वाचली, खिडकी बंद केली आणि चहाला गेले. चहा पिताना म्हणाले, “दारावर पाटी लावायची पायऱ्या आहेत म्हणून, आणि पायऱ्या चढून गेलं की वर लिफ्टचं दार.”

मार्ग निघाला तो सर्व्हिस अकाउंटचा. म्हणजे माणसाच्या नावानं नाही, कामाच्या नावानं खातं. त्याची एक गुप्त चावी फाइलमध्ये मिळते. टूल ती चावी वापरून दर वेळी एक चिठ्ठी बनवतं, त्यावर वेळ घालतं, सही करतं आणि सर्व्हरकडे पाठवतं. चिठ्ठी पटली की टोकन मिळतं, टोकन दाखवून आत. नानांनी फाइलच्या परवानग्या ६०० केल्या, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचायची नाही, आणि खिडकीवर हात आडवा धरून, एटीएमवर पिन दाबतात तसं, कमांड मारली. ४०१. परत मारली. ४०१.

४०१ म्हणजे तू कोण ते पटलं नाही. ४०३ म्हणजे पटलं, पण आत येऊ नकोस. नानांच्या मते पहिल्यात अपमान कमी आहे. पण दुपारचे तीन वाजले तरी ४०१. चावी तपासली, फाइल तपासली, प्रॉक्सी तपासली. मग बारीक तपशील दाखवणारा पर्याय लावला तेव्हा खरं कारण आलं: चिठ्ठी भविष्यकाळातली आहे.

नानांनी हळूच लॅपटॉपच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं नाही.

बँकेतले यच्चयावत सर्व्हर एनटीपीवर आहेत, तेही नानांच्याच कृपेनं. एखादा अर्धा सेकंद घसरला तर ते त्याची खबर घेतात. पण त्यांचा स्वतःचा लॅपटॉप सात मिनिटं पुढे होता. कारण नानांच्या घरातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे असतात. बस चुकू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी लावलेली शिस्त. भिंतीवरचं घड्याळ पुढे, मनगटावरचं पुढे, म्हणून लॅपटॉपही पुढे. असल्या कामात दोन घड्याळांतला फरक थोडा चालवून घेतात, केर्बेरॉससारख्या जुन्या व्यवस्थेत तो पाच मिनिटांपर्यंत असतो. नाना दोन मिनिटांनी पिढीजात बाहेर होते.

घड्याळ मागे घेताना त्यांना जड गेलं. पण जोडणी झाली. काळ्या खिडकीत अनामिकेनं पहिल्यांदा तोंड उघडलं: एकूण मेट्रिक्स इतकी, वावगी शून्य. नानांनी खिशातून पेन काढलं आणि डायरीत तारीख घातली.

ती डायरी बँकेचीच, दर दिवाळीला मिळणारी. त्यात रोज सकाळी ते प्रत्येक सर्व्हरची डिस्क किती भरली ते लिहितात. १९९० पासूनच्या डायऱ्या कपाटात आहेत. ९ सप्टेंबर २००१ च्या पानावर लाल शाईनं एक आकडा आहे: एकावर नऊ शून्यं. १ जानेवारी १९७० पासून युनिक्सनं मोजलेले शंभर कोटी सेकंद त्या रविवारी सकाळी ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंदांनी भरले. नानांनी काकूंना उठवून पेढा दिला होता. काकूंनी विचारलं, “कोणाला काय झालं?” नाना म्हणाले, “काळाला.” हे काकू अजून सगळ्यांना सांगतात.

सर्व्हर वेळ सांगतो ती ग्रिनिचची. आपण साडेपाच तास पुढे. बाकीच्यांना दर अलर्टला बोटं मोडून बेरीज करावी लागते. पहाटे साडेतीनचा बिघाड म्हणून मॅनेजर हळहळतात, आणि तो असतो सकाळी नऊचा, शाखा उघडतानाचा. नानांना मोजावं लागत नाही, कारण ते तिकडेच राहतात. पुतणीच्या लग्नात मुहूर्त बारा वाजून अठरा मिनिटांचा, अक्षता हातात घेऊन नाना पुटपुटले, “म्हणजे सहा अठ्ठेचाळीस.” शेजारच्या बाईंनी घाबरून पत्रिका काढली.

पुढचे काही महिने मात्र मजेत गेले. अनामिका शिकत होती आणि नाना तिला नापास करायला टपले होते. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते, काही शाखा जनरेटरवर जातात, व्यवहार थोडे मंदावतात. हे तिला कळायला तीन आठवडे लागले. “गुरुवार तीन आठवड्यांत!” नाना म्हणाले. “दत्ताच्या देवळाबाहेरच्या चपलांवरून मला तीन मिनिटांत कळतं.” गणपतीत तर तिची पुरती भंबेरी उडाली. २०२४ ला अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, २०२५ ला ती ६ तारखेवर आली. पेठांमधले रस्ते बंद, शाखेत चिटपाखरू नाही, आणि अनामिका ठणाणा करतेय की व्यवहार कोसळले. मग १७ तारखेला, तिला घातलेल्या गेल्या वर्षीच्या आकड्यांच्या आठवणीनं, आज एवढी गर्दी कशी म्हणून परत बोंब. विकणाऱ्या कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की वार्षिक आवर्तन शिकायला आणखी डेटा लागेल. डेटा कितीही घाला, चंद्र इंग्रजी तारखेला बांधलेला नाही, हे तिकडे कोणाच्या गावी नव्हतं.

नानांनी कालनिर्णय भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. सण, एकादशी, पगाराचे दिवस, पेन्शनची तारीख, अक्षय्य तृतीया असं सगळं एका साध्या फाइलमध्ये टाइप केलं. फाइलचं नाव पंचांग. मग क्रॉनमध्ये एक ओळ: रोज रात्री पंचांग बघ, उद्या काही असेल तर कमांड लाइनवरून अनामिकेला तेवढ्या वेळाचा सायलेन्स लाव. पितृपक्षाचे पंधरा दिवसही त्यात होते. नवीन कर्जखाती उघडायचं प्रमाण त्या पंधरवड्यात खाली जातं, हे त्यांच्याकडे १९९० पासून डायरीत आहे.

मग तो प्रसंग घडला. अनामिका जागी आहे की नाही, हे कोण बघणार? पहारेकऱ्यावर पहारा हवा म्हणून नानांनी वॉचची कमांड लावली; वेगळं काही सांगितलं नाही तर ती दर दोन सेकंदांनी तोच प्रश्न विचारत राहते. जागी आहेस? जागी आहेस? जागी आहेस? नाना शुक्रवारी संध्याकाळी घरी गेले आणि ती विचारत राहिली. शनिवारी दुपारपासून ४२९, म्हणजे फार वेळा विचारलंत, थांबा. सोमवारी मेल: तुमच्या एका क्लायंटकडून असाधारण वर्दळ आढळली आहे. खाली आयपी पत्ता होता, नानांचा.

मला वाटलं, आता हे ओशाळतील. नाना खुशीत आले. “पकडलं बरं का तिनं! काम करतेय.” आणि मेलचा प्रिंट काढून डायरीला चिकटवला.

यानंतर त्यांच्या बोलण्यात तिच्याबद्दल जरा सलोखा आला. पण खरा हिशेब पुढेच व्हायचा होता, आणि तो दोन बाजूंनी झाला.

आधी नानांची बाजू. एका सर्व्हरची लॉगची डिस्क रोज साधारण एक टक्का भरत होती. ७१, ७२, ७३. अनामिका गप्प. तिच्या लेखी यात वावगं काहीच नव्हतं; रोज एक टक्का वाढणं हीच त्या डिस्कची शिस्त, आणि पट्टाही तिच्याबरोबर रोज एक टक्का वर सरकत होता. शंभराला ती डिस्क भरणार आणि सर्व्हर मान टाकणार, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. नानांच्या डायरीत ९१ च्या खाली दोन रेघा होत्या. त्यांनी जुने लॉग हलवले आणि साधी, बिनडोक, जुन्या पद्धतीची मर्यादा घातली: ८५ च्या वर गेलं की ओरड. मॅनेजरांनी कौतुक केलं. नाना म्हणाले, “सवय झालेलं दुखणं तिला दिसत नाही. माझ्या गुडघ्यासारखं.”

आता तिची बाजू. रात्री दोन चाळीसला एटीएमच्या ताळमेळाचं एक काम चालतं, साधारण अकरा मिनिटं. एका रात्री ते चार मिनिटांत उरकलं, बिनचूक, यशस्वी. अनामिकेनं लाल ठिपका दिला. मी नानांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला, मला म्हणाल्या, “अनामिकेला सांगा, माणसांना झोप लागते,” आणि नानांना दिला. नाना उठले, खिडकी उघडली, पाहिलं आणि गुरगुरले, “लवकर झालं म्हणून कोण तक्रार करतं?” खोटा अलर्ट अशी खूण करून झोपले.

सकाळी कळलं की आलेली फाइल अर्धीच होती. निम्मे व्यवहार आलेच नव्हते, म्हणून काम लवकर संपलं. जुळवणी दुपारपर्यंत हातानं करावी लागली. नाना दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं तेव्हा त्यांनीच काकूंना सगळं सांगितलं, अगदी फाइलच्या आकारासकट. काकू शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “पोरगं शाळेतून दोन तास आधी घरी आलं, तर लवकर आलास म्हणून पाठ थोपटता का हो? आधी कपाळाला हात लावून बघता ना?”

दुसऱ्या दिवशीच्या डायरीत डिस्कच्या आकड्यांशेजारी एक नवीन रकाना आखलेला होता. कामाला लागलेला वेळ. वरची मर्यादा, आणि खालची.

परवाची गोष्ट. दिवसभरात एकही अलर्ट नाही. नानांनी चार वेळा कमांड मारून पाहिली. वावगी शून्य. कामं सगळी आपापल्या वेळात, डिस्क जागच्या जागी. पाच वाजता त्यांनी स्वतःच लॅपटॉप मिटला, मला म्हणाले, “चल, सोड घरी.” रोज साडेसात-आठ होतात. दारात काकूंनी त्यांना पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि काही न विचारता त्यांच्या कपाळाला हात लावला.

“फॉल्स पॉझिटिव्ह आहे गं,” नाना म्हणाले.

“असू दे,” काकू म्हणाल्या. “आधी बसा, पाणी प्या.”